फ्रिजमधला गॅस आपोआप संपत नाही

एप्रिल लागला की फ्रिजचा एक मेसेज ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो मला ऐरोलीतल्या दोन आणि कळव्यातल्या एका ग्रुपवर दिसला. घणसोलीच्या एका ताईंनी तर तो मला पाठवून विचारलं, "दादा, हे खरंय का? गॅस भरायला माणूस उद्या येतोय." मेसेज थोडक्यात असा आहे:

"फ्रिज थंड करत नाही? गॅस संपला असणार. दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो. तोपर्यंत उन्हाळ्यात दोन्ही नॉब शेवटच्या आकड्यावर ठेवा. फ्रिजच्या बाजू तापत असतील तर कॉम्प्रेसर जाणार हे नक्की. बर्फ साचला तर सुरीने काढा, कूलिंग लगेच वाढेल. रात्री फ्रिज बंद ठेवा, कॉम्प्रेसरला आराम मिळतो, वीजही वाचते. फ्रिज बंद पडला तरी दार उघडलं नाही तर अन्न दिवसभर टिकतं. सगळ्यांना पाठवा."

मी तेवीस वर्षं दिघा ते कोपरखैरणे आणि पलीकडे कळवा-विटावा या पट्ट्यात फ्रिज-एसीची कामं करतो. या मेसेजमधली बहुतेक वाक्यं लोकांना विनाकारण खर्चात पाडतात, दोन वाक्यं चांगला फ्रिज बिघडवतात आणि शेवटचं वाक्य पोट बिघडवतं. म्हणून एकेक वाक्य घेऊन सांगतो.

"गॅस संपला असणार. दर दोन-तीन वर्षांनी भरावाच लागतो."

सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं, म्हणून इथे जरा थांबतो. फ्रिजचा गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबून पुढे ढकलतो. मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. मग कॅपिलरी नावाच्या अगदी बारीक नळीतून तो फ्रीजरच्या नळ्यांत शिरतो, तिथे उकळतो, उकळताना आतली उष्णता ओढून घेतो आणि वाफ होऊन परत कॉम्प्रेसरकडे येतो. तोच गॅस, तेच चक्र, वर्षानुवर्षं. कॉम्प्रेसरचा डबा वेल्डिंगने बंद असतो, नळ्यांचे सांधे पक्के जोडलेले असतात. गॅस बाहेर जायला वाटच नसते.

विटाव्याला एका आजींकडे सिंगल डोअरचा लाल फ्रिज आहे, लेकीच्या लग्नाच्या वर्षी घेतलेला. लेकीचा मुलगा आता नोकरीला लागलाय. मी त्या फ्रिजला आजवर दोनदा हात लावला, एकदा थर्मोस्टॅटसाठी आणि एकदा दाराच्या रबरासाठी. कॉम्प्रेसरमधून एक आखूड नळी बाहेर आलेली असते, तिला आम्ही प्रोसेस लाइन म्हणतो. तिचं टोक कंपनीत चिमटून बंद केलं होतं, तसंच्या तसं आहे. म्हणजे तो फ्रिज कारखान्यातून निघाला तेव्हाच्याच गॅसवर आजही चालतोय.

गॅस जातो तो गळतीमुळे. नळी गंजते, सांधा सुटतो, नाहीतर कुणीतरी फ्रीजरला भोक पाडतं. गळती असेल तर आधी ती शोधून बुजवावी लागते. ती न शोधता नुसता गॅस भरला तर तो त्याच भोकातून निघून जातो आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस परत येऊन तेच सांगतो. "दर दोन वर्षांनी भरावाच लागतो" ही समजूत मला वाटतं इथूनच आली. ज्याला वरचेवर गॅस भरावा लागतो, त्याच्या फ्रिजची गळती कुणी शोधलेलीच नसते.

आणि गळती नसताना गॅस भरला तर? त्यासाठी ती चिमटलेली नळी कापावी लागते, म्हणजे इतकी वर्षं बंद असलेली नळी उघडी पडते. नीट व्हॅक्युम केलं नाही, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून काढली नाही, तर हवेतला ओलावा आत जातो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलावा किती असतो हे जूनमध्ये भिंतींकडे बघून कळतं. तो ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि वाट अडवतो. याला आम्ही चोक म्हणतो. फ्रिज काही तास छान थंड करतो, मग थांबतो, बर्फ वितळला की परत थंड करतो. असा फ्रिज दुरुस्त करणं मूळ बिघाडापेक्षा कितीतरी किचकट असतं.

ऐरोलीतल्या एका काकूंची गोष्ट सांगतो. डबल डोअरचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज. खालच्या कप्प्यात दूध नासायचं, भाजी सुकायची. चौदा महिन्यांत त्यांनी दोनदा गॅस भरून घेतला होता. मी वरचं दार उघडलं तर आइस्क्रीमचा डबा दगडासारखा. काकूंना तिथेच सांगितलं की गॅस गेला असता तर आधी हे आइस्क्रीम पातळ झालं असतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार होते ती फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पडद्याआड, आणि एक छोटा पंखा ती हवा एका मार्गाने खाली ढकलतो. मी स्क्रू काढून तो पडदा ओढला, तर मागे नळ्या दिसायलाच तयार नव्हत्या, सरळ पांढरी भिंत. पंख्याचं पातं बर्फाला घासून अडकलं होतं. काकू म्हणाल्या, "अहो, करकर आवाज यायचा महिनाभर. मग थांबला, तर मला वाटलं बरं झालं."

या नळ्यांवर बर्फ धरतोच. तो काही तासांनी आपोआप वितळावा म्हणून खाली एक हीटर असतो. काकूंच्या फ्रिजचा हीटर चांगला होता, पण त्याच्या वाटेतला फ्यूज उडाला होता. मीटर लावला, काटा हलला नाही. फ्यूज बदलला, बर्फ वितळवला, पंखा फिरायला लागला. खर्च एका गॅस चार्जिंगच्या पावपट आला. काकूंचे आधीचे दोन्ही चार्जिंगचे पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. गॅस भरायच्या आधी दोन्ही वेळा फ्रिज दिवसभर उघडा ठेवला गेला, त्यात तो बर्फ वितळला, फ्रिज काही आठवडे चालला, आणि श्रेय मात्र गॅसला मिळालं.

हाच प्रयोग तुम्ही घरी एक पैसा न खर्च करता करू शकता. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा वरचा भाग थंड आणि खालचा कोमट असेल, तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा आणि चोवीस तास तसाच राहू द्या. पुन्हा लावल्यावर तो आठ-दहा दिवस उत्तम चालला आणि मग खालून परत कोमट झाला, तर बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे: हीटर, फ्यूज, बायमेटल (थंडीनुसार हीटर चालू-बंद करणारा स्विच), टायमर किंवा बोर्ड. मेकॅनिकला फोनवर हे एवढं सांगितलंत तरी त्याचं निम्मं काम होतं.

गॅसशी संबंध नसलेली आणखीही कारणं रोज दिसतात. फ्रिजमागून दर काही मिनिटांनी आधी घरघर, मग "टक्" असा आवाज येतो आणि सगळं शांत होतं? कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड नावाचा सुरक्षेचा स्विच त्याला बंद पाडतोय. बऱ्याचदा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा रिले गेलेला असतो, तो पेरूएवढाही नसतो आणि काहीशे रुपयांत मिळतो. जुन्या वायरिंगच्या इमारतींत संध्याकाळी सगळे एसी एकदम लागले की व्होल्टेज पडूनही असंच होतं. दाराचं रबर सैल आहे का हे बघायला नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. नोट सहज सुटली, तर तिथून थंडी सुटतेय. कोमट साबणाच्या पाण्याने रबर धुतलं की निम्म्या वेळा ते परत चिकटतं. दिव्याचं बटण बिघडलं तर दार लावल्यावरही आतला दिवा जळत राहतो आणि जुना पिवळा बल्ब असेल तर तो फ्रिज आतून तापवत राहतो. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून फोन आत ठेवा, दार लावा, काढून बघा. आणि वाशीच्या मार्केटमधून आठवड्याची भाजी आणून हवेच्या झरोक्यांसमोर कोथिंबिरीच्या पिशव्या कोंबल्या असतील, तर त्या फ्रिजला मेकॅनिकची गरज नाही, जागेची आहे.

मग गॅस खरंच गेलाय हे कळतं कसं? सिंगल डोअरमध्ये फ्रीजरकडे नीट बघा. गॅस कमी झाला की बर्फ एका कोपऱ्यातच, जिथे गॅस पहिल्यांदा शिरतो तिथे धरतो, बाकीची जागा ओली किंवा कोरडी राहते. कॉम्प्रेसर थांबत नाही आणि बाजूच्या किंवा मागच्या नळ्या मात्र गार पडतात. अशी लक्षणं असतील तरच गॅसचा विषय काढायचा.

"उन्हाळ्यात दोन्ही नॉब शेवटच्या आकड्यावर ठेवा."

नॉब म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. आकडा वाढवल्याने साधा फ्रिज जास्त वेगाने थंड करत नाही, तो उशिरा थांबतो इतकंच. सिंगल डोअरमध्ये शेवटच्या आकड्यावर कॉम्प्रेसर थांबतच नाही, फ्रीजरवर बर्फाचा जाड थर चढतो आणि तो थर थंडी खाली येऊ देत नाही. बऱ्याच डबल डोअर फ्रिजमध्ये तर वरचा नॉब हवा वर किती आणि खाली किती हे ठरवतो. तो शेवटपर्यंत फिरवला की बरीचशी हवा फ्रीजरमध्येच अडते आणि खालचं दही आंबट होतं. मला दर मे महिन्यात अशी चार-पाच घरं लागतात जिथे मी फक्त वरचा नॉब मधे आणतो आणि निघतो.

थंडी पुरेशी आहे का हे हाताने कळत नाही. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ५ अंशांच्या आत दाखवत असेल तर फ्रिज ठीक आहे. फ्रीजर उणे १८च्या आसपास हवा. तापाचा थर्मामीटर चालत नाही, साधा स्वयंपाकघराचा घ्या.

"बाजू तापत असतील तर कॉम्प्रेसर जाणार."

पूर्वी फ्रिजच्या मागे काळी जाळी असायची, तिच्यातून उष्णता बाहेर पडायची. आताच्या बहुतेक फ्रिजमध्ये त्याच नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात. आतली उष्णता त्यांनी बाहेर टाकायचीच आहे, म्हणून बाजू तापतात. दाराच्या चौकटीतही अशीच एक गरम नळी असते, पावसाळ्यात तिथे पाणी धरू नये म्हणून. बाजू अजिबात तापत नसतील आणि कॉम्प्रेसर मात्र चालू असेल, तेव्हा मला काळजी वाटते.

घणसोलीच्या ताईंकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. नवीन फर्निचर केलं होतं, आणि सुताराने फ्रिजसाठी बरोबर मापाची खोबण केली होती, बाजूला बोटही जाईना. वर कपाट, मागे भिंत, शेजारी पश्चिमेची खिडकी. उष्णता जायची कुठे? फ्रिज चार बोटं पुढे ओढला आणि एका बाजूची फळी सुताराकडून कापून घेतली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसाला त्यांनी येऊ नको म्हणून कळवलं. घराचं इंटिरियर करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फ्रिजच्या पुस्तिकेत बाजूला, मागे आणि वर किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं, खोबणीचं माप घेण्याआधी ते वाचा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज जवळजवळ सारखाच हळूहळू चालत राहतो, त्याचीही भीती नको. तो तसाच बनवलाय.

"बर्फ साचला तर सुरीने काढा."

हे कधीही करू नका. सिंगल डोअरचा फ्रीजर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा असतो आणि गॅसचे मार्ग त्याच पत्र्यात असतात. कळव्याला एका घरी मी पोचलो तेव्हा ओट्यावर सुरी होती आणि घरातली मुलगी रडत होती. आईला मदत म्हणून तिने बर्फ काढायला घेतला, "फुस्स" असा आवाज आला आणि संपलं. भोक सुईच्या टोकाएवढं होतं. बर्फ काढायचा तर थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबा किंवा प्लग काढून दार उघडं ठेवा, आत कोमट पाण्याचं भांडं ठेवलं तर लवकर सुटतो. अर्ध्या सेंटीमीटरचा थर झाला की काढायची वेळ झाली.

इथे मात्र गॅस खरोखर गेलेला असतो, आणि तो भरताना काय बघायचं तेही सांगतो, कारण पैसे तुमचे आहेत. आधी नळ्यांत नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचा फेस लावून गळती शोधली का? फिल्टर नवा टाकला का? व्हॅक्युम पंप पुरेसा वेळ चालवला का? गॅस वजनकाट्यावर मोजून भरला का? फ्रिजवरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. आर-६००ए असेल तर आकडा बहुधा पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास दिसेल. एवढ्याशा वजनात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी कूलिंग बिघडतं, तिथे "हात लावून अंदाज घेतो" चालत नाही. शिवाय आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, ज्वालाग्राही. पाटीजवळ पेटत्या ज्योतीचा पिवळा त्रिकोण असतो. तो दिसत असताना कुणी नळीत गॅस शिल्लक ठेवून सांधे जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायला लागला, तर त्याला थांबवा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. आर-१३४ए या दुसऱ्या गॅसच्या फ्रिजमध्ये आर-६००ए किंवा उलट भरणारेही भेटतात. त्यांना साफ नाही म्हणा.

"रात्री फ्रिज बंद ठेवा."

थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला दिवसरात्र आराम देतच असतो, थंडी पुरली की तो बंद करतो. रात्रभर बंद ठेवलात तर बाहेरची उष्णता आत येते आणि सकाळी ती सगळी पुन्हा बाहेर काढावी लागते. वाचलेली वीज नगण्य, आणि दूध-मासे रोज कोमट होऊन परत गार होतात, जे त्यांच्यासाठी सर्वात वाईट. बंद करून लगेच चालू करणं तर टाळाच. नळ्यांतला दाब समान व्हायला काही मिनिटं लागतात, त्याआधी कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जड जातं.

"फ्रिज बंद पडला तरी अन्न दिवसभर टिकतं."

हे वाक्य फ्रीजरबद्दल असतं तर मी अर्धं मान्य केलं असतं. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. खालच्या कप्प्याचा हिशोब वेगळा आहे, दार बंद ठेवलं तरी तो साधारण चार तास धरायचा. आणि हे वीज गेल्यावरचं झालं. फ्रिज हळूहळू बिघडत असतो तेव्हा कुणालाच कळत नाही, दार दिवसातून तीस वेळा उघडतं, आणि आतलं सगळं दोन दिवस दहा-बारा अंशांवर पडून असतं. लोणचं, लोणी, फळं, कच्च्या भाज्या यांना काही होत नाही. दूध, शिजवलेला भात, आमटी, ओलं खोबरं, चिकन आणि मासे यांच्याबाबतीत वासावर जाऊ नका, कारण बाधणाऱ्या अन्नाला वास यायलाच हवा असं नाही.

मासळी फ्रीजरमध्ये असेल तर तुकडा दाबून बघा. आत अजून बर्फाचे कण लागत असतील तर आजच शिजवा. पाणी सुटून तुकडा मऊ पडला असेल आणि तो कधीपासून मऊ आहे हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर सुरमई कितीही महागाची असली तरी टाकून द्या.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती. निघायच्या आदल्या दिवशी वाटीभर पाणी फ्रीजरमध्ये गोठवा आणि त्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर सगळं ठीक. ते बर्फाच्या आत तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या दिवसांत वीज गेली होती, फ्रीजरमधलं सगळं एकदा वितळून परत गोठलंय, आणि फ्रिज आत्ता कितीही गार असला तरी ते पोरांच्या ताटात वाढायचं नाही.